पाचोळ्याची पोच

१२ ऑक्टोबर, सकाळी ८
वनखात्याचं पत्र आलं, म्हणून ही वही. रान खात्याचं, पण देखभाल सासऱ्यांपासून आमच्या घराकडे. ते गेल्यावर मधे कुंपण पडलं: अलीकडचा भाग माझ्याकडे, पलीकडचा वन्संकडे. आता खात्याला दोन दोन माणसं नको आहेत. वीस तारखेला दोन्हीकडच्या मातीतला कार्बन मोजणार, आणि जिची माती सरस तिच्याकडे वीस वर्षं अख्खं रान. शिवाय तीस वर्षांत काय काय केलं ते लेखी हवं. काम करायचं की नोंदी ठेवायच्या? असो. इथे कच्चं लिहीन, पक्कं उतरवून देईन.
पत्राचं पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर नेहमीच्या अटी असणार.

१३ ऑक्टोबर
कार्बन म्हणजे काजळी. कॉलेजात शिकले आहे. पेपरातही रोज ओरड असते, कार्बन कमी करा. तर करते. निश्चय: वीस तारखेपर्यंत शक्य तितका शून्याजवळ.
हे म्हणाले, "अगं, त्या दुसऱ्या पानावर काहीतरी..." म्हटलं, आधी दाताळं आणा.

१६ ऑक्टोबर
पाचोळा ओढला. अकरा ढकलगाड्या. नेहमीप्रमाणे कुंपणापलीकडे. तिथे आधीच इतका उकिरडा की अकरा गाड्यांनी काय बिघडणार? पडलेली झाडंसुद्धा कुजत पडली आहेत. वन्सं त्यातच खुर्ची टाकून कादंबरी वाचत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, रान आहे ते. पाहुणे येणार असल्यासारखं काय झाडताय?" म्हटलं, येणारच आहेत, वीसला, मोजायला. म्हणाल्या, "मग सतरंजी पण घाला."
उत्तर सुचलं नाही असं नाही. दुपारी तीनला सुचलं. तोवर त्या घरी गेल्या होत्या.

१८ ऑक्टोबर
पानं काढली तरी खाली चार बोटं माती काळी. काळी म्हणजे कार्बनच. खरवडली. खाली छान पिवळट, घट्ट, स्वच्छ. निम्मं रान झालं. ह्यांची कंबर धरली. नेमकी आजच कशी धरते? उरलेल्या गाड्या मीच ढकलल्या. कुंपणापलीकडे.

२० ऑक्टोबर, सायं. ५
माती तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख. लोखंडी नळी फिरवून मातीत घालतात. माझ्या बाजूला नळी जाईना. दोनदा घसरली. त्या नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही एकटीने केलंत?" आजी कुणाला म्हणते? पण कौतुक होतं, म्हणून सोडून दिलं. तीस वर्षांची सगळी पद्धत सांगितली. भराभर लिहून घेत होत्या. पाचोळा कुठे टाकता, विचारलं. कुंपणाकडे बोट दाखवलं. त्यावर त्या का हसल्या कळलं नाही. वन्संचा पसारा दिसला असेल.
पलीकडे नळी लोण्यात जावी तशी गेली. ढिसाळ कारभार.

२ नोव्हेंबर
निकाल अजून नाही. खात्यात दोनदा फोन केला. "येईल, बाई, येईल." तोवर वन्संच्या बाजूची योजना आखली. पहिला आठवडा पडलेली झाडं. दुसरा पाचोळा. तो टाकायचा कुठे, ते बघू. वन्संची खुर्ची राहू देईन. मी काही दुष्ट नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ११
निकाल! माती तपासणाऱ्या बाईंनी फोनवर आकडे दिले. माझ्याकडे दीड टक्का, वन्संकडे सहाच्या वर. पुढे काही सांगत होत्या, पण मी आभार मानून फोन ठेवला. शेजारीण, पोस्टमन, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना सांगितलं. दोन नवी दाताळी आणली.
वन्संना म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "वहिनी, दुसरं पान वाचलंत का हो?"
काय सगळ्यांचं त्या पानाशी!

९ नोव्हेंबर, दुपारी १
वाचलं.
कार्बन जितका जास्त तितकी माती सरस. पानं, फांद्या कुजतात, त्यांतला कार्बन मातीत साठतो. पाचोळा उचलला, जमीन खरवडली, की तो हवेत जातो. इतकी महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या पानावर आणि ती बारीक टाइपात. तक्रार करणार.

११ नोव्हेंबर
खात्यात गेले. तक्रार तोंडी केली. त्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "आजी, तुमची बाजू शाळेच्या मैदानासारखी झाली आहे. पलीकडे मात्र कमाल आहे. कुंपणालगतच्या पट्ट्यात तर नऊ टक्के. तिथे दरवर्षी पाचोळा येऊन पडत होता ना." म्हटलं, येऊन पडत नव्हता. मी टाकत होते. म्हणाल्या, "हो. तेच लिहिलंय."
म्हणजे त्या पट्ट्याचं श्रेय माझं. तसा अर्ज करावा का? हे म्हणाले, "नको." इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच नको म्हटलं.

१४ नोव्हेंबर, सकाळी ६
सवयीने फाटकापर्यंत गेले. सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातात दिली होती, स्वतःच्या मुलीच्या नव्हे. म्हणाले होते, "तू जपशील." "तू झाडशील" म्हटलं नव्हतं. मी आपलं झाडत राहिले.
कुलूप न उघडता परत आले.

१५ नोव्हेंबर
वन्संकडे सुपूर्त केलं:
फाटकाची किल्ली, एक. दाताळी, पाच (दोन कोरी). खराटे, चार. ढकलगाडी, एक, चाक कुरकुरतं. पत्र, दोन्ही पानं.
वन्सं म्हणाल्या, रोज सकाळी या, दुसरी खुर्ची मांडली आहे, मात्र हात मांडीवर ठेवायचे. हे लगेच जाऊन बसले. त्यांना यादीत धरलेलं नाही.
पाचोळा, तीस वर्षांचा: आधीच पोचला होता. पोच आज मिळाली.