बाईसाहेबांना विजेची भीती वाटते

३ सप्टेंबर, संध्याकाळ
दुपारपासून आभाळ भरलेलं. चहा टाकला आणि लाइट गेली. बाईसाहेब तडक पलंगाखाली. शेपूट तेवढी बाहेर, तीही फुगलेली. मांजराच्या जातीनं इतकं घाबरट असावं म्हणजे कमाल आहे.
धीर द्यायला मीही पलंगाखाली शिरलो. आत जागा कमी. जुनी सुटकेस, घडीचं टेबल आणि आम्ही दोघं. वीज कडाडली तेव्हा कोणीतरी किंचाळलं. मांजरं अशी किंचाळतात हे मला माहीत नव्हतं.
लाइट आल्यावरही थोडा वेळ आतच राहिलो. घाई केली की जनावर बिथरतं.
संकल्प: हा महिना संपायच्या आत बाईसाहेबांची भीती मुळापासून काढायची.

४ सप्टेंबर
कामावर. मी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घेतो. लाइट गेलेले लोक ओरडत असतात आणि मी त्यांना शांत करतो. ‘घाबरू नका, पथक निघालं आहे,’ हे वाक्य माझं. नव्या पोरींना मीच शिकवलं. ‘निघालं’वर जोर द्यायचा, कुठून निघालं ते सांगायचं नाही. अख्खं शहर शांत ठेवणाऱ्या माणसाला एक मांजर काय जड आहे?
मुलीचा फोन आला. ती नोकरीसाठी दूर असते. बाईसाहेब मूळच्या तिच्या. म्हणाली, ती इतकी घाबरत असेल तर मी तिला इकडे घेऊन येते. मी म्हटलं, छे छे, काही गरज नाही. घरात आम्ही दोघंच. त्यातलं एक गेलं तर उरलं काय?

६ सप्टेंबर, सकाळ
ही, मुलीची आई, होती तेव्हाची गोष्ट वेगळी. हिला विजेची भीती वाटायची. म्हणून गडगडायला लागलं की मी तिचा हात धरून बसायचो. ती बहुतेक भाजी निवडत असायची आणि एका हातानं निवडता येत नाही म्हणून कुरकुर करायची. ती जाऊन तीन वर्षं होतील आता. असो. आजपासून प्रशिक्षण.

६ सप्टेंबर, दुपार
मोबाइलवर ढगांच्या गडगडाटाचं रेकॉर्डिंग मिळालं. आधी हळू आवाजात लावायचं, मग रोज थोडं वाढवायचं, अशी शास्त्रीय पद्धत आहे. लावलं. बाईसाहेबांनी फोनचा वास घेतला आणि त्याच्यावरच झोपल्या. मी मात्र लगेच बंद केलं. रेकॉर्डिंग नको तितकं खरं वाटतं. पहिल्याच दिवशी इतकं नको.

९ सप्टेंबर
पुन्हा वादळ. खिडक्या खडखडत होत्या. काळजात धस्स झालं. (बाईसाहेबांच्या.) घट्ट कापडात गुंडाळलं की मांजरं शांत होतात असं कुठेतरी वाचलं होतं. हिची जाड शाल काढली. गुंडाळून होतंय तोवर बाईसाहेब खालून सटकल्या आणि जेवायला गेल्या. भीतीनं भूक वाढते, हे लक्षणच आहे. शाल काढलीच होती, म्हणून मी पांघरली. डोक्यावरून. कान झाकले की गारवा लागत नाही.

११ सप्टेंबर
प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. अर्धी रजा टाकली. कारण लिहिलं: घरात आजारपण. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले, म्हणाले, हिचं काळीज माझ्यापेक्षा धड आहे. मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, तुमची झोप कशी आहे? मी म्हटलं, पेशंट मांडीवर बसलाय. माणूस शिकलेला आहे, पण लक्ष नाही.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
फार मोठं वादळ. एक वीज इतक्या जवळ पडली की भिंत हलली. मेणबत्ती पेटवताना काड्या मोडत होत्या. काड्या दमट आहेत.
तक्रार केंद्राला फोन लावला. ग्राहक म्हणून मलाही हक्क आहे. कामावर माझ्या शेजारच्या टेबलावर बसते त्या मुलीनं उचलला. आवाज ओळखला नाही तिनं. म्हणाली, घाबरू नका काका, पथक निघालं आहे. ‘निघालं’वर नेमका जोर. पथक म्हणजे तीन माणसं आणि एक गाडी, आणि अशा पावसात ती गाडी कंपनीच्या आवारातून हलत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ऐकून इतकं बरं वाटलं की पुन्हा फोन लावला. मग आणखी एकदा. शेवटी ती म्हणाली, काका, घरात दुसरं कोणी आहे का?
आहे की. बाईसाहेब आहेत. खिडकीत बसून विजा बघत होत्या. भीतीनं थिजल्या असणार.

१७ सप्टेंबर
दुपारीच काळोख झाला. बाईसाहेबांना माणसांची सोबत बरी, म्हणून त्यांना उचलून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेलो. दार उघडताच सांगितलं, हिला फार भीती वाटते हो. नर्सबाई म्हणाल्या, अहो, तुम्ही किती थरथरताय. मी म्हटलं, ती थरथरतेय, ते माझ्या हातात उतरतंय. तेवढ्यात बाईसाहेबांनी खाली उडी मारली आणि त्यांच्या सोफ्यावर जाऊन अंग चाटायला लागल्या. नर्सबाईंनी खुर्ची दिली, गरम पाणी दिलं, आणि वादळ सरेपर्यंत काही न विचारता शेजारी बसून शिवण करत राहिल्या. बाई चांगली आहे. मांजराची माया आहे तिला.

२० सप्टेंबर
एक शोध लागला. मुलीचा आवाज ऐकला की बाईसाहेबांना धीर येतो. म्हणून लाइट गेली की तिला फोन लावतो आणि स्पीकर चालू ठेवतो. मुलगी कामात असते, पण बाईसाहेबांची अवस्था सांगितली की ठेवत नाही. काल सांगितलं, बोबडी वळली आहे. (मांजराची वळते का, असं तिनं विचारलं.) आज सांगितलं, दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, नुसत्या कोपऱ्यात बसून असतात, हिचं काही खरं नाही. पाऊस थांबेपर्यंत बोलत राहिली बिचारी. लहानपणीच्या गोष्टी काढल्या. वीज केव्हा चमकली ते कळलंच नाही.
बाईसाहेब स्वयंपाकघरात ओट्यावर होत्या. दूध सांडलं त्यांनी. असू दे.

२१ सप्टेंबर
पुन्हा फोन. आज रडवेल्या आवाजात सांगितलं. (परिणाम साधायचा तर थोडं वाढवावं लागतं.) मुलगी म्हणाली, बाबा, मी रविवारी येते.
येतेय! घर झाडलं. तिची उशी उन्हात टाकली.

रविवार, संध्याकाळ
आली. येताना नवी टोपली घेऊन आली. दार लावून घेता येतं अशी. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, मी हिला घेऊन जाते. माझ्या इमारतीत जनरेटर आहे, लाइट जातच नाही, खिडक्या दुहेरी काचेच्या, बाहेरचा आवाज आत येत नाही. तिकडे राहील सुखात. आणि तूही किती वाळलास बाबा, तिच्या काळजीनं.
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या तोंडून आलं, हो, न्यायलाच हवं. फार घाबरते गं.
ती गाडीत बसत असताना लांब कुठेतरी गडगडलं. मी गाडीचं दार धरून उभा राहिलो. बाईसाहेबांनी टोपलीतून माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि अंगाची मुटकुळी करून झोपल्या. मुलगी म्हणाली, बघ, भीतीनं कशी गळून गेलीय.
मी हो म्हटलं.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
आभाळ काळं. लाइट गेली. नर्सबाई ड्यूटीवर आहेत, त्यांच्या दाराला कुलूप.
मला भीती वाटतेय. घरात मांजर नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाला वाटतेय असं लिहिता येत नाही. लहानपणापासून वाटते. मुलीच्या आईला माहीत होतं. तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.
मुलीला फोन लावला. सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं. तिनं उचलला. मी विचारलं, बाईसाहेब कशा आहेत? म्हणाली, मजेत, सोफ्यावर झोपल्यात. मी म्हटलं, इकडे विजा सुरू झाल्यात गं.
ती म्हणाली, बरं झालं ना बाबा. आता तुला कसलं टेन्शन नाही.