खालचा रस्ता

आई, बिट्टन मार्केटात भेंडीवाला "टोकरी खाली है, अम्मा" म्हणाला, तेव्हा तू माझ्याकडे वळून हळूच विचारलंस, "म्हणजे संपली ना गं?" मी हो म्हटलं. तू पिशवी दुसऱ्या हातात घेतलीस आणि पुढे चालू लागलीस. इतकी वर्षं भोपाळात संसार करूनही या एका शब्दाची तू माझ्याकडून खात्री करून घ्यायचीस. का, ते दोघींनाही ठाऊक होतं. पण अर्धंच तुला ठाऊक होतं.

होळीनंतर मी त्या रस्त्यावर जाऊन आले. बाबांची तेहरानची नोकरी संपल्यावर आपण चौघं त्यांच्या जुन्या गाडीतून मशहद, हेरात, काबूल, लाहोर करत घरी निघालो होतो, तोच रस्ता. आता मला इराणातूनच, अफगाण सरहद्दीच्या अलीकडून परतावं लागलं. हे गेल्यापासून सोबतीला कुणी नाही, तरी गेले. निघण्याआधी नागपूरहून धाकटीचा फोन आलाच. "ताई, कुणी खाली म्हणालं तर उतरू नकोस हं!" आणि खो खो हसली. तेव्हा ती चार वर्षांची, मागच्या सीटवर झोपलेली. तिला बाबांनी सांगितलेली गोष्टच काय ती माहीत.

त्या दिवशी सकाळी मी काहीतरी हिंदीत बोलले म्हणून तू फटकारलंस, "शाळेत इंग्रजी, शेजारी हिंदी! गाडीत मराठीच बोलायचं, नाहीतर बोलूच नकोस." मी खिडकीकडे तोंड करून बसले. दुपारी एक पेट्रोलपंप लागतो. बाबा बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालताहेत, म्हणून पेट्रोल विचारायला तू उतरतेस, मी तुझ्या मागोमाग. पंपावरचा म्हातारा हात हलवत म्हणतो, "खाली, खाली." पंपामागून एक कच्चा रस्ता उतारावर गेलेला असतो. तू ओरडून सांगतेस, "अहो, इथे नाही, खाली जायला सांगतोय!"

मला कळलं होतं, आई. भोपाळात खेळताना तो शब्द रोज माझ्या तोंडी असायचा आणि फारसीतही त्याचा अर्थ तोच. पंप रिकामा आहे, एवढंच तो सांगत होता. मी मनात म्हटलं, मराठीच ना? मग घे मराठी. आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी त्या उजाड उतारावर बंद पडली. बाबा डबा घेऊन आल्या वाटेनं चालत गेले. तू थर्मासचं पाणी झाकणात ओतून आधी धाकटीला, मग मला देत राहिलीस. स्वतः पदराचं टोक भिजवून ओठांना लावलंस. ऊन कलल्यावर बाबा एका ट्रकमधून पेट्रोल घेऊन आले. तो सगळा रस्ता उलटा कापताना ते एकच वाक्य बोलले, "तुझ्या मराठीनं आज पोरी मारल्या असत्या." पुढे लग्नकार्यात त्याचा विनोद झाला, तूही हसायचीस. पण रस्ता विचारायला पुन्हा कधी उतरली नाहीस.

तिथे आता नवा पंप आहे. कच्चा रस्ता मात्र तसाच. ड्रायव्हरला मी हातानं उतार दाखवला आणि तोंडातून मराठीच निघालं, "खाली घ्या." त्यानं वळून माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "खाली?" मी म्हटलं, "हो. खाली."

परत आल्यावर कपाट आवरलं. तुझ्यामागे राहिलेली हिरवी इरकल समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना द्यायची, मी गावाला गेले की त्या माझं दूध घेऊन ठेवतात. बाबांचा नकाशा भाचीला. तिला गाडी चालवायची हौस आहे. थर्मास धाकटीला. झाकणाला पोचा आलाय, तरी टाकू नये. आणि थर्मासच्या आत हे पत्र.

दर रविवारी मला फोन करणारी ती एकटीच उरली आहे. म्हणून थर्मास माझ्यामागेच तिला द्यायचा, आधी नाही. बघ, अजूनही मी खिडकीकडे तोंड करून गप्पच बसले आहे.