मंजुळे, तुझी शपथ मी मोडणार आहे

प्रिय मंजुळे,

लिहिते आहे दीपा, तुझ्या भावाची नात. सांगते आहे मी. पोर आडवी पडून, पाय भिंतीला लावून लिहिते आहे, तेव्हा ओळी वाकड्या दिसल्या तर तुझ्या वैनीला बोल लावू नकोस.

आजच का लिहायचं? काल कोरगावच्या देवळात आरतीला उभी असताना दीपा डुलायला लागली आणि कोसळली. लगेच बायका म्हणाल्या, मंजुळाबायची देवी नातीच्या अंगात आली. पाणी कुणी दिलं नाही, नारळ मात्र पुढे केला. सोमवारी ओटी घेऊन येणार आहेत. तोवर तिने अळणी उपास धरायचा म्हणे.

काय गो, आठवतं का? तुझंही असंच झालं होतं. त्याआधी तू नुसती आळशी होतीस. लावणीला वाकायचीस आणि उठताना बांधावर बसून घ्यायचीस. सासूबाई म्हणत, ही सासरी पाट घेऊनच जाईल. मग एकदा आरतीला पडलीस, आणि ज्या बायका तुला बसू देत नव्हत्या त्याच पाट मांडून तुझ्या पाया पडल्या! मी हसू दाबलं ते तू बघितलंस. म्हणूनच काजू वेचताना मला एकटीला सांगितलंस ना?

"वैनी, देवी-बिवी काय येणा नाय गो. उभी रवलंय की डोळ्यांफुडे काळोख येता."

मी म्हटलं, मग सांग की सगळ्यांना.

"सांगलंय तर परत आळशी म्हणतले. देवी आसंय तोपर्यंत बसाक तरी गावता."

आणि कुणाला सांगू नको म्हणून मला तुझ्या गळ्याची शपथ घातलीस.

बसायला मिळालं खरं, पण देवीला मीठ कुठे चालतं? सोमवार अळणी, अमावास्या अळणी. खारातली तोरं, त्या मिठात मुरलेल्या कोवळ्या कैऱ्या, तुझ्या किती आवडीच्या, पण कुणी बघेल म्हणून बरणीला हात लावायची नाहीस. शेवटी शिमग्याच्या उन्हात, उपाशी पोटी झटकन उठलीस आणि उंबऱ्यावर डोकं आपटलं. लोक म्हणाले, देवी घेऊन गेली. देवी कशाला कुणाचं डोकं फोडील?

दीपाला आम्ही मागेच पणजीला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरणीने तिची नाडी निजवून मोजली, मग उभी करून मोजली. उभी राहिल्याबरोबर नाडी धावत सुटली. या दुखण्याला पॉट्स म्हणतात. पॉट म्हणजे मडकं, असं दीपा सांगते. एवढं शिकलेल्यांना नाव ठेवायला मडकंच सापडलं? उभं राहिलं की रक्त पायांतच साचतं आणि काळीज बिचारं रहाटासारखं गरगरतं. आणि उपाय काय, ठाऊक? मीठ. दीपाला भरपूर पाणी आणि मीठ जास्त. माझं मात्र प्रेशरपायी तोडलं. उठताना आधी बसून घ्यायचं, अंधारी आली की आडवं व्हायचं, पायांत घट्ट लांब मोजे घालायचे. दुखणं जाईलच असं नाही, पण सांभाळून राहिलं तर जगता येतं.

बाहेर येऊन पोर रडली. मला वाटलं, बरी होणार नाही म्हणून. तर म्हणाली, "आजी, मी ढोंग करत नव्हते."

मंजुळे, तुला असं रडायलासुद्धा मिळालं नाही.

आता दीपाचा बापच म्हणतो, लोकांचं मन कशाला मोडायचं, एखादा सोमवार बसेल. एखादा! तुझाही पहिला सोमवार एखादाच होता. दीपा माझ्याकडे बघते. आत्ताही लिहिता लिहिता थांबून बघते आहे.

तेव्हा रागाव हवं तर, पण सोमवारी मी दारात बसणार आणि तू सांगितलेलं सगळं त्या बायकांना सांगणार. तुझं देवपण जाईल. कुणी तुला ढोंगीही म्हणेल. त्या प्रत्येकीला मी ऐकवीन की माझी नणंद ढोंगी नव्हती, आळशी नव्हती, आजारी होती. माझ्या तोंडात जीभ आहे तोवर हे ऐकवत राहीन, हा तुला माझा शब्द.

तुझी,
वैनी