टवका उडालेला कप आणि जॉर्जियाची वाइन

ती. वन्सं यांना,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण गुडघा हल्ली अर्ध्यातच अडतो, तेव्हा उरलेला अर्धा मनाने घातला असं समजा. तुमची कंबर कशी आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंत की नव्या डॉक्टरने चालायला सांगितलंय आणि जुन्याने बसायला, म्हणून तुम्ही दोघांचाही मान राखून आडव्या पडून असता. मला हा उपाय फार पटला. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. निदान तुमचे बंधू जिन्यात भेटेल त्याला तसं सांगतात, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी काय बिशाद (हसू नका).

पत्राला उशीर झाला, कारण आमच्याकडे वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम झाला. हो, आमच्याकडेच. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी हेच लिहिलेलं दिसेल. जन्मभर चहाशिवाय दुसऱ्या कशाला पेय न म्हणणाऱ्या माणसाच्या दिवाणखान्यात गल्लीतली शहाणीसुरती माणसं जमली आणि जॉर्जिया देशाची वाइन तोंडात घोळवून थुंकून गेली. थुंकून का, ते पुढे येईलच. आधी मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला नेहमीसारखी शेपटाकडून सुरुवात करायची सवय.

थंडीत ह्यांना ते दांडगं पडसं झालं होतं, आठवतं ना? पडसं गेलं, पण जाताना ह्यांचं नाक घेऊन गेलं. नाक म्हणजे जागेवर आहे, चांगलं मोठं आहे (तुमच्या माहेरचंच), पण त्याला वास येत नाही, आणि वासाबरोबर चवही गेली. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते दुधावरून. हे स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले, शेगडीवर दूध करपून कोळसा झालेलं, घरभर धूर, आणि स्वारी विचारते, "आज धुकं पडलंय का गं?" मग मी मुद्दाम लसूण उकळलेल्या भांड्यात चहा केला. प्यायले, आणि म्हणाले, "हं, आज जमलाय." वन्सं, एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या चहाला मिळालेली ही पहिली शाबासकी. मी आत जाऊन रडले. हसलेही, पण आधी रडले.

ज्या माणसाने उभी हयात चहाच्या कंपनीत चमच्याने चहा भुरकून "हा डोंगराच्या सावलीकडचा, हा पाऊस लांबल्यावरचा" असं सांगण्याचा पगार घेतला, त्याने हे कबूल कसं करावं? त्याऐवजी त्यांनी जगालाच दोष द्यायला घेतला. हल्ली लिंबात राम राहिला नाही. हल्लीचा साबण नुसता फेस. फुलवाला गंडवतो. आणि माझा स्वयंपाक तर विचारूच नका, त्याचं तर म्हणे माझ्या वयाबरोबर पाणी पाणी झालं. मी सगळं ऐकून घेतलं (ह्याची नोंद असावी). कंपनी अजूनही दर महिन्याला नमुन्याच्या पुड्या पाठवते, साहेबांचं मत हवं म्हणून. त्या पुड्या घड्याळामागे न उघडता साठत होत्या. मी तिथली धूळ पुसायची आणि पुड्या होत्या तशा परत ठेवायची.

एवढ्यात तळमजल्यावरचे दातवाले डॉक्टर मध्ये आले. ते दातांच्या कसल्याशा परिषदेला जॉर्जियाला जाऊन आले आणि येताना खोकं भरून बाटल्या घेऊन आले. तेव्हापासून जिन्यात त्यांना चुकवणं कठीण. तिथे हजारो वर्षं वाइन करतात, मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात द्राक्षं सालांसकट मुरवतात, त्याने पांढऱ्या द्राक्षांची वाइनसुद्धा चहाच्या रंगाची होते, वगैरे. माणूस तुमच्या तोंडात हत्यारं घालून बोलायला सरावलेला, त्यामुळे समोरच्याने उत्तर द्यायचं असतं हे त्याच्या गावीही नसतं. त्यांनी एक बाटली उघडून ह्यांच्या नाकाखाली धरली. हे म्हणाले, "ह्याला काही वासच नाही." दातवाले म्हणाले, "नाक दाखवून घ्या." झालं! ह्यांनी तिथल्या तिथे, जिन्यात उभ्या उभ्या, सगळ्या गल्लीला आमच्या घरी बोलावलं. डोळे बांधून चव घेईन आणि कुठली कुठली ते सांगेन म्हणाले. मी वरून ऐकत होते. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं ते दातवाल्यांच्याच डोक्यावर, पण त्यांना वाटलं ते टाळ्यांच्या ऐवजी आहे.

मला धास्ती ही की हा माणूस चार लोकांत तोंडघशी पडला तर पुन्हा उठायचा नाही. नोकरी सुटली तेव्हा चालून गेलं, कारण जीभ बरोबर घरी आली होती. ती गेल्याचं गल्लीला कळलं, की ते घड्याळामागच्या पुडीसारखे होऊन बसतील. रात्री मी विषय काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, पाहुण्यांना नुसती बिस्किटं देऊन बोळवू या का? तर म्हणाले, "तू माझ्या कामात पडू नकोस, तू फक्त ओतायचं काम कर." ठीक आहे म्हटलं, ओतायचं काम करते.

कार्यक्रमाच्या दिवशी ह्यांनी खोली अशी मांडली की ती पाहून तुम्हाला त्यांचं जुनं ऑफिस आठवलं असतं. लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर कानाशिवायच्या त्या पांढऱ्या वाट्या ओळीने, प्रत्येकाला एकेक चमचा, आणि शेजारी ती पितळी पिकदाणी. (निवृत्तीच्या वेळी लोकांना घड्याळ मिळतं. ह्यांनी हट्टाने पिकदाणी मागून घेतली. कमरेएवढी आहे. मी त्यात छत्र्या ठेवत होते.) दातवाले सुंदर पेले घेऊन आले होते, ते ह्यांनी खिडकीत नेऊन ठेवले. वाइन काय आणि चहा काय, पद्धत एकच, असं जाहीर केलं. चमचाभर घ्यायची, जोरात भुरकायची, तोंडभर खेळवायची आणि थुंकायची. गिळायची नाही.

मग जे झालं ते सभ्य घरात व्हायला नको होतं. सगळी खोली भुरके मारू लागली. समोरच्या इमारतीतून कोणीतरी खिडकी उघडून पाहिलं. पियानो शिकवणाऱ्या बाई, ज्या एरवी शिंकतानासुद्धा माफी मागतात, त्यांची थुंकण्याची नेमबाजी अशी निघाली की दोन पावलांवरून पिकदाणीत, एक थेंब बाहेर नाही. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं बिचारं चांगले कपडे घालून प्यायला आलं होतं. त्यातल्या नवऱ्याच्या गळ्याची घाटी जरा हलली, तर हे गरजले, "गिळलंत!" तो इतका दचकला की पुढची तर त्याने भुरकलीसुद्धा नाही. दातवाल्यांना जंतूंची काळजी पडली होती. त्यांनी सगळ्यांच्या चमच्यांना चिकटपट्टीवर नावं लिहून लावली, आणि मग ते स्वतःच दुसऱ्याच्या चमच्याने भुरकत बसले.

तालीम झाली, परीक्षेची वेळ आली. पियानोबाईंच्या रुमालाने ह्यांचे डोळे बांधले. मी आत जाऊन वाट्या भरल्या. एक वाटी गेल्या वर्षीच फुटलेली, म्हणून तिच्या जागी माझा रोजचा कप घेतला, तोच, ज्याचा काठाचा टवका उडालाय आणि जो टाकून दे म्हणून हे जन्मभर माझ्या मागे लागलेत. आणि वन्सं, काय सांगू, त्या कपात माझा दुपारचा उरलेला गार चहा तसाच होता. मातीच्या रांजणातल्या वाइनसारखाच त्याचा रंग. गडबडीत तोच ताटात बाहेर गेला.

आधी दातवाल्यांनी उघड्या डोळ्यांनी सगळ्या वाट्या चाखायच्या ठरल्या, म्हणजे तुलना होईल. कपापाशी आले, भुरका मारला आणि त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, हीच ती. रांजणातली. हिच्यात माती बोलते. उन्हात वाळवलेलं लाकूड लागतं, आणि शेवटाला जर्दाळू. बाकीच्यांनीही आपापले चमचे बुडवले आणि सगळ्यांनाच जर्दाळू लागला. नव्या नवऱ्याला तर त्याच्या आजोळची आठवण आली. मी दाराच्या पडद्याला धरून उभी होते.

मग हे. पहिली वाटी हातात घेतली, भुरकली, थुंकले, म्हणाले, "हं." दुसरी. पुन्हा "हं." लोकांना वाटलं काय गहन मत आहे! मला मात्र तो लसणाच्या चहावरचा "हं" ओळखू आला. तिसरा आला माझा कप. ह्यांनी तो हातात घेतला, चमचा भरला, भुरकले आणि थांबले. थुंकले नाहीत. चक्क गिळलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "ही वाइन नाही. हा चहा आहे. पाणी दोनदा उकळलंय, पूड विसरून जास्त वेळ ठेवलीय, कारण करणारी मध्येच दार उघडायला गेली होती. आणि करणारी माझी बायको आहे."

मी आतून ओरडलेच, बरोबर! मग काय गलका! पियानोबाईंनी टाळ्या वाजवल्या. दातवाले तांबड्या वाइनच्या रंगाचे झाले, पण माणूस तसा मनाचा मोठा निघाला. म्हणाले, त्या देशात चहाही पिकतो, म्हणजे मी अगदीच चुकलो नाही. बाकीच्या वाट्या कुणालाच आठवल्या नाहीत. खिडकीतले पेले आले, थुंकायचा नियम रद्द झाला, आणि उरलेली जॉर्जिया सगळ्यांनी रीतसर गिळली. तुमचे बंधू मध्यभागी बसून पाऊस लांबल्यावरच्या चहाची गोष्ट सांगत होते आणि लोक ऐकत होते. त्यांची जीभ परत आली, वन्सं! तुमच्या भावाची जीभ परत आली. तुम्हाला आधी कळवायचं होतं म्हणून हा पत्रप्रपंच.

कंबरेला जपा. मी इथे खुशालीत आहे आणि माझा कप कपाटात पहिल्या रांगेत आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. – गडबडीत वगैरे काही नाही. चहा मी मुद्दाम ठेवला होता. म्हटलं, निदान चहा तरी ओळखतील, आणि एकदा ओळखला की पुढचं कोणी विचारणार नाही. तुम्हाला वर खोटं लिहिलं, कारण पत्राच्या सुरुवातीला खरं लिहिणं बरं दिसत नाही.

ता. क. २ – जीभ परत आलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मला काही लागलं नाही गं. काठावरच्या टवक्याला अंगठा लागला, आणि तू दुपारी चहा कसा केलास ते मी बसून पाहिलं होतं." एवढं बोलून माझा हात धरून बसले. किती दिवसांनी, ते विचारू नका. मग त्यांनी घड्याळामागची एक पुडी आणली, स्वतः चहा केला, कप माझ्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "कसा लागतोय, सांग." वन्सं, मला काय कळतंय? मी म्हटलं, गवतासारखा. म्हणाले, कुठल्या गवतासारखा, ओल्या की वाळल्या? आता रोज सकाळी मी पिते आणि ते लिहितात. कंपनीने कळवलंय की साहेबांच्या मतांत हल्ली ताजेपणा आलाय.

पण खरं काम पुढेच आहे. दातवाल्यांनी पुढच्या महिन्यात पोर्तुगालच्या वाइनचा बेत केलाय. ह्या वेळी ओतायचं काम ते स्वतः करणार, स्वयंपाकघराचं दार लावून. आणि आमचे शूर "जरूर" म्हणून बसलेत! तेव्हा तुम्ही या. कंबर घेऊनच या. शेजारच्या घरात दूध लागलेलं तुम्हाला तुमच्या गच्चीवर कळायचं, असं नाक दुसऱ्या कुणाचं नाही. तुम्ही त्यांच्या समोर बसा आणि त्यांच्याआधी चमचा बुडवा. तांबडी असेल तर चष्मा काढा, पांढरी असेल तर पुसा, तिकडे करतात ती गोड, जड वाइन असेल तर चष्मा केसांवर चढवा. खुणा ह्यांच्यापर्यंत पोचवायचं मी बघते, पण हे मी तुम्हाला लिहिलंय ते त्यांना कळता कामा नये, आपण दोघींत.

ता. क. ३ – पत्र टपालात टाकायला त्यांच्याकडेच दिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं (म्हणजे मी म्हणते राहिलं होतं). जिन्यातून परत वर आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर दारातच उभे राहून म्हणाले, "ताईला लिही, चष्म्याचा काही उपयोग नाही. माझ्या डोळ्यांवर पट्टी असते." तेव्हा वन्सं, येताना बाकी काही आणू नका, चांगला खणखणीत खोकला तेवढा घेऊन या.