अखेरपर्यंत आमचा

मेलबर्न,
मंगळवार, २७ एप्रिल १९२०

प्रिय हेक्टर,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडायला लागली की आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. तुझ्या बायकोचा, अॅडलीनचा खोकला कसा आहे? टेकडीवरच्या नव्या घरात वारा फार, तिला म्हणावं छाती झाकून बस. तू पाठवलेला मुरंबा पोचला. चांगला होता.

येत्या शनिवारच्या समारंभाचं वाचलं. फुटबॉलच्या हंगामाची पहिली मॅच, मधल्या सुट्टीत बँड, आणि युद्धात गेलेल्या खेळाडूंच्या नावांची फळी. तिच्यावरचा पडदा आईने ओढायचा. आपल्या क्लेमच्या नावाखाली सोनेरी अक्षरांत 'अखेरपर्यंत आमचा' असं लिहिलंय, हेही तू कौतुकाने कळवलंस. वाचता वाचता माझा चहा सांडला.

अरे, अखेरपर्यंत तुमचाच होता ना तो! तुम्ही सोडला कुठे त्याला?

क्लबच्या सेक्रेटरीला कामं फार, तू विसरला असशील, म्हणून आठवण देते. चौदा साली क्लेमच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, तरी पुढच्या हंगामात तुम्ही त्याला संघात घेतलं नाही. चौघांच्या डोक्यावरून उडी मारून बॉल काढणारा पोरगा, कुंपणाला टेकून लिंबाची फोड चोखत उभा राहायचा. मला बघवायचं नाही. तेवढ्यात नदीपलीकडच्या क्लबने त्याला मागितलं. सोबत चामड्याच्या कारखान्यात नोकरीही देत होते. हवा होता फक्त तुमचा परवाना. जुन्या क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे पाय ठेवता येत नाही, हा तुमचा नियम.

माझ्याच स्वयंपाकघरात बसून बोललात तुम्ही. मी भांडी घासत होते, बहिरी नव्हते.

"हेक्टर, खेळवत नाहीस तर सोड तरी मला," क्लेम म्हणाला.

"नदीपलीकडच्यांना देऊ? माझा सख्खा भाऊ? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"मग खेळव."

"ते कमिटी ठरवेल."

"आणि कमिटी म्हणजे कोण रे?"

तू आणखी बटाटे वाढून घेतलेस. त्याच वर्षी तुला सेक्रेटरी व्हायचं होतं, हे मला नंतर उमगलं. मी ती भांडी आपटून बाहेर यायला हवं होतं, पण तुम्ही दोघंही मला सारखेच होतात.

कमिटीने परवाना नाकारला. मग एका शनिवारी भरतीवाले मैदानात आले, आणि क्लेम कुंपणावरून उडी टाकून सरळ त्यांच्याकडे गेला. घरी येऊन म्हणतो, "विनी, तिथे कुणाचा परवाना लागत नाही बघ. छाती मोजतात नि घेतात." हसत होता मेला. इजिप्तच्या वाळूत तंबूतल्या सोबत्यांबरोबर खेळला, तेवढाच त्याचा शेवटचा हंगाम. नंतर फ्रान्स. तिथे त्याचं थडगंसुद्धा नाही.

तोफेचा गोळा तू टाकला नाहीस, एवढी अक्कल मला आहे. कदाचित तो तसाही गेला असता. पण खेळायला मिळालं असतं तर एक हंगाम तरी राहिला असता, आणि त्या हंगामासाठी मी अजून रडते. आता फळी लावताय. बैल गेला नि झोपा केला!

तू लिहिलंस, "कमिटीतलं आईच्या कानावर घालू नकोस, तिला सोसणार नाही." मी एक अक्षर बोलले नाही. क्लेमसाठी प्रार्थना झाली त्या दिवशी चर्चच्या पायरीवर खाटकाच्या बायकोने सांत्वन करता करता सांगून टाकलं, "एका मताने राहिलं हो. हेक्टरने हात वर केला असता तर सुटला असता तुमचा क्लेम." आई "असं का?" म्हणाली आणि हातमोजे चढवून घरी आली. त्यानंतर दर नाताळात तिने तुला पहिलं ताट वाढलंय. तुला काही जाणवलं नाही.

आणखी एक. शनिवारी आमच्या दाराला कुलूप का, आई मैदानावर का येत नाही, हे तू विचारतोस आणि मी दर वेळी तिचे गुडघे पुढे करते. आता खोटं बोलायचा कंटाळा आला. युद्ध संपून सामने परत रंगायला लागल्यापासून आई दर शनिवारी मॅचला जाते. पूल ओलांडून, नदीपलीकडच्यांच्या मैदानावर. कोटाला त्यांची हिरवी फीत लावून त्यांच्या गोलामागे उभी राहते. मीच घेऊन जाते तिला.

पहिल्या दिवशी तिथली मटण-पॅटिस विकणारी बाई खिदळली, "आजी, वाट चुकलात की काय? तुमचा जन्म तर त्या काठावरचा!"

"चुकले नाही," आई म्हणाली. "यांनी माझ्या पोराला मागितलं होतं."

पुन्हा कुणी चेष्टा केली नाही. कुणीतरी एक लाकडी खोकं आणून तिला उभं राहायला दिलं. आता त्यावर चढून पंचाला अशा शिव्या हासडते की बाप्ये वळून बघतात. गेल्या वर्षी तुमच्या संघाशी सामना होता. तुमचा गोल हुकला तेव्हा तिने टाळ्या पिटल्या. आपली आई, हेक्टर! बाबा थडग्यात उठून बसले असतील.

तेव्हा पडदा दुसऱ्या कुणाकडून ओढवून घे. शनिवारी त्याच वेळी तिकडे मॅच आहे. क्लेमचं नाव काढ असं मी म्हणत नाही. नाव खरं आहे, मरणही खरं आहे. खालचे दोन शब्द मात्र खरवडून टाक. रंगाऱ्याला लाज वाटत असेल तर मी येऊन खरवडते.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलंय. दर पत्राच्या शेवटी तिला न विचारताच 'आईचे आशीर्वाद' लिहायची माझी सवय. आज विचारलं, लिहू का? ती वाटाणे सोलत होती. चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "या खेपेला नको."

म्हणून लिहिलेले नाहीत.

विनिफ्रेड