चार नकोत, दोनच कार्डं

पुट्टा,

गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. तुझी चारही ग्राफिक्स कार्डं बदलून आणायला एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलेय. आरडाओरडा करू नकोस. इतकी खेटून बसवलीस की एकानं सोडलेली गरम हवा दुसरं ओढतंय. मागून हवा बाहेर फेकणारी दोनच आणते. अप्पा विसरलेत तो डिस्कचा पासवर्ड शोधायला मशीनला आठवडा जास्त लागला तरी चालेल. गीझरच्या सॉकेटला चारांचा भार झेपत नाही. काल फ्यूज उडाला, तेव्हा अप्पा अंगाला साबण लावून अंधाऱ्या न्हाणीघरात उभे होते.

उप्पिट्टू झाकून ठेवलंय, त्यांच्यासोबत बसून खा. आणि "आठवत नाही म्हणजे काय?" असं पुन्हा त्यांच्यावर खेकसायचं नाही. अम्मा गेली, तिची गाणी तेवढी त्या डिस्कमध्ये उरलीत, हे त्यांनाही खुपतं. सकाळी कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी सुचतील ते अकरा शब्द लिहिलेत. पासवर्ड म्हणून मशीनला आधी तेच लावून बघायला दे. त्यात "पुट्टा" तीनदा आहे.

अम्माचं नाव मात्र त्यांनी मला विचारून लिहिलं.

अक्का