तपकिरीचे डाग

बाबा, आज धाकट्या नातीच्या नाकाचा घोळणा फुटला. सून कांदा फोडून हुंगवायला धावली आणि मी मात्र रुमालाचा रंग बघत उभी राहिले. लालच होता. तरी हट्टाने पोरीला डॉक्टरकडे नेलं. घरातले हसले, हसू देत.

पार्ल्याचं मागचं अंगण आठवतं ना? आई गेल्यावर धुणं माझ्याकडे आलं आणि त्यात सगळ्यात किळसवाणे तुमचे रुमाल. नये पैसे नुकतेच चालू झाले होते आणि माझं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांपुढे तुम्ही चिमूट ओढलीत तर काय, या धास्तीने मी तुम्हाला तपकीर सोडायला लावली. डबी तुम्ही निमूट माझ्या हातात दिलीत. तरी काही दिवसांनी रुमालावर पुन्हा काळे डाग! मी तो नाचवतच पडवीत आले.

"बाबा, पुन्हा ओढलीत ना?"

"नाही गं. तुझी शपथ."

"मग रुमाल शाई प्यायला वाटतं?"

"एकाच नाकपुडीतून येतं बघ. ती चोंदलेलीही असते हल्ली."

"म्हणजे एकाच नाकपुडीने ओढता!"

शेजारच्या काकू खो खो हसल्या. तुम्हीही हसलात, ओशाळून. त्यानंतर तुम्ही रुमाल स्वतःच धुवायला लागलात. मला वाटलं, चोर सापडला.

लग्न होऊन मी मुलुंडला गेले. तुमचा गाल सुजला तेव्हा आपण मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी कपाळावरच्या आरशाने नाकात उजेड पाडला आणि त्यांनी विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "चोरून तपकीर ओढतात हे." तुम्ही मान खाली घातलीत. डॉक्टर म्हणाले, "ही तपकीर नाही, बाई. आतली गाठच काळी आहे." तुकडा काढून तपासायला पाठवला, तर मेलॅनोमा निघाला. कातडीवर होणारा हा कॅन्सर नाकात क्वचितच होतो; त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता. आधी आणलं असतंत तर, एवढं बोलून ते थांबले. परतताना तुम्ही आजाराबद्दल अक्षर काढलं नाहीत. फक्त म्हणालात, "खरंच सोडली होती गं." मला तुमच्याकडे बघवेना. लाजेने मेल्यासारखं झालं.

हे कुठे पाठवणार म्हणा! आणि पाठवता आलं असतं तरी एवढं मी खोडलं असतं. तुमचे दिवस झाल्यावर तुमचा कोट कुणाला तरी द्यायचा होता. देण्याआधी मी त्याचे खिसे चाचपले, बाबा. सगळं कळल्यावरही. डबी आहे का बघायला.